भिंतीतल्या टाकीचं दार

आमच्या संडासाच्या भिंतीत एक टाकी आहे. बाहेरून ती दिसत नाही. दिसते ती फक्त पांढरी चौकोनी प्लेट आणि तिच्यावरची दोन बटणं, एक लहान, एक मोठं. या टाकीपायी मागच्या वर्षी आमच्या घरात जे झालं ते मी लिहायला घेतलं आहे. त्यात चूक नेमकी कोणाची होती हे मला अजून नीट सांगता येत नाही. लिहिता लिहिता कळेल, असं वाटतंय.

माझे वडील फरशी बसवायचं काम करतात. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. माढा तालुक्यातलं गाव सोडून ते सोलापुरात आले तेव्हा मी चौथीत होतो आणि अक्का, म्हणजे माझी मोठी बहीण, सातवीत. आता शहराच्या कडेला अक्कलकोट रोडच्या बाजूला आमच्या दोन खोल्या आहेत. अक्का लग्न होऊन बार्शीला गेली. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे वाचायचं म्हणून जे काही घरात येतं ते माझ्याकडे येतं. औषधाचा कागद, बँकेचा मेसेज, रेशनचा फॉर्म. मी वाचतो. सगळं समजतंच असं नाही, पण वाचतो.

मागच्या वर्षी अक्का पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे यायची होती. सातवा महिना लागला की आणायचं ठरलं होतं. तिला त्रास होता. डॉक्टरांनी उकिडवं बसायचं नाही, वजन उचलायचं नाही, असं बजावलं होतं. आमच्याकडे साधा संडास आणि शेजारी पाण्याची बादली. अप्पांनी ऐकलं आणि पंधरा दिवसांनी त्यांनी संडासाची मागची भिंत काढायला घेतली.

ज्या बंगल्यावर त्यांचं काम चाललं होतं तिथल्या मालकाने एका बाथरूमचा बेत बदलला होता. त्यामुळे एक कमोड आणि भिंतीत बसवायची टाकी पडून राहिली होती, ती त्याने अप्पांना देऊन टाकली. साइटवरच्या त्यांच्या ओळखीच्या प्लंबरने एका रविवारी येऊन टाकी बसवली, पाइप जोडले. टाकीच्या पुढची भिंत अप्पांनी स्वतः बांधली आणि तिच्यावर फरशा लावल्या.

त्या फरशांबद्दल सांगायला हवं. अप्पांकडे घरामागे फरशांचा ढीग आहे. जिथे काम संपतं तिथे चार-दोन फरशा उरतात आणि मालक म्हणतो, घेऊन जा. असा दहा-बारा वर्षांचा माल. त्यातून त्यांनी ती भिंत लावली. खालच्या दोन ओळी करड्या, एका शाळेच्या हेडमास्तरांच्या घरच्या. मध्ये पांढऱ्या, एका मंगल कार्यालयाच्या. आणि प्लेटच्या दोन्ही बाजूंना चार-चार निळ्या, बारीक पांढऱ्या वेलीच्या. त्या एका डॉक्टरीणबाईंच्या स्वयंपाकघरातल्या होत्या आणि आठच उरल्या होत्या. इतक्या ठिकाणचा माल, पण कुठे ठिगळ लावल्यासारखं वाटत नव्हतं. प्रत्येक सांधा सारखा. आईने ती भिंत पहिल्यांदा बघितली तेव्हा म्हणाली, "एवढं तर देवघराला पण न्हाय केलंत."

अप्पा म्हणाले, "देवघरात कोण पडंल का घसरून?"

शेवटी प्लंबरने येऊन बटणांची प्लेट बसवली, पाणी सोडून बघितलं आणि तो निघून गेला. तो गेल्यावर अप्पांनी प्लेटच्या चारी बाजूंना व्हाइट सिमेंट भरलं. बोट फिरवून ते इतकं गुळगुळीत केलं की प्लेट भिंतीतूनच उगवल्यासारखी दिसायला लागली. मी तिथेच उभा होतो. मला ते छान वाटलं होतं. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

दीड-दोन महिने सगळं ठीक चाललं. मग छतावरची पाण्याची टाकी लवकर रिकामी व्हायला लागली.

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आलं की खालचा हौद आणि छतावरची टाकी भरून घ्यायची आणि पुढच्या पाण्यापर्यंत पुरवायची. आईचा त्यात हात बसला आहे. कुठल्या कामाला किती तांबे लागतात हे तिला पाठ आहे. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी छतावरच्या टाकीचा तळ दिसला तेव्हा तिने सरळ माझ्याकडे बघितलं.

"आंगूळ करतोस का म्हशी धुतोस रं?"

"दोन तांबेच घेतो मी."

"मग पाणी काय उडून गेलं?"

मलाही कळेना. मी छतावर जाऊन टाकीला भेग आहे का बघितलं, गच्चीवर ओल शोधली. सगळं कोरडं. दोन दिवसांनी दुपारी मी घरात एकटाच वाचत बसलो होतो, पंखा बंद होता, तेव्हा भिंतीतून बारीक आवाज ऐकू आला. कोणीतरी दातांतून श्वास सोडत असल्यासारखा. संडासात जाऊन बघितलं तर कमोडमध्ये पाण्याची पातळ चादर सारखी घसरत होती. काचेसारखी, जेमतेम दिसणारी. आमचं पाणी तिकडून चाललं होतं.

संध्याकाळी अप्पांना दाखवलं. त्यांनी खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि भिंतीवर ठकठक करत फिरले. फरशी बसवणारे असंच तपासतात. आवाज भरीव आला की फरशी नीट बसली, पोकळ आला की खाली सिमेंटचा माल कमी पडला. अप्पांनी सगळी भिंत वाजवली आणि म्हणाले, "फरशीत दोष न्हाय."

"पण पाणी?"

"ते टाकीचं काम. ते प्लंबरचं."

त्यांच्या ओळखीचा प्लंबर तोवर पुण्याकडे कामाला गेला होता आणि त्याचा नंबर लागत नव्हता. अप्पांनी संडासाकडे येणाऱ्या पाइपचा कॉक बंद केला. आवाज थांबला, पण आता टाकीही भरेना आणि तिथला नळही चालेना. आम्ही बाहेरून बादली नेऊ लागलो. आम्हा तिघांचं त्यात काही अडत नव्हतं. अडणार होतं अक्काचं, आणि ती पुढच्या रविवारी येणार होती.

टाकीबरोबर एक लहानशी पुस्तिका आली होती. आईने ती तांदळाच्या डब्याखालून काढून माझ्या हातात दिली. "तू शिकतोस न्हवं. बघ काय लिवलंय."

तिच्यात आठ-दहा भाषा होत्या, मराठी नव्हती. इंग्रजी होती, पण अक्षर मुंगीएवढं आणि त्यातले निम्मे शब्द मी कधी वाचलेले नव्हते. चित्रं मात्र होती. एका चित्रात एक हात प्लेटवर ठेवलेला आणि वरच्या दिशेने बाण. पुढच्या चित्रात प्लेट बाजूला आणि तिच्या जागी चौकोनी खिडकी. मी संडासात जाऊन चित्रातल्यासारखाच हात ठेवला आणि वर ढकललं. प्लेट हलली नाही. जोर लावला, हलली नाही. खाली ढकललं, बाजूला ढकललं. मोबाइलवर दोन व्हिडिओ बघितले. त्यातल्या माणसांच्या हातात प्लेट अलगद येत होती, डब्याचं झाकण निघावं तशी. त्यांच्या प्लेटभोवती बारीक फट दिसत होती, आमच्या प्लेटभोवती नव्हती. मी ठरवलं की आमची टाकी वेगळ्या प्रकारची आहे आणि पुस्तिका बहुतेक दुसऱ्याच टाकीची चुकून आली आहे.

आईने विचारलं, "काय लिवलंय?"

मी म्हणालो, "ते आपल्या टाकीचं नाही."

ती हो म्हणाली. मी वाचून सांगितलं होतं ना.

शनिवारी सकाळी अप्पा कामावर गेल्यावर आईने आमच्याच गल्लीतल्या एका प्लंबरमामांना बोलावलं. ते मोटारी आणि बोअरची कामं करतात. वयाने मोठे आहेत. आत येऊन त्यांनी भिंत बघितली आणि पहिल्यांदा म्हणाले, "वैनी, काम झाक केलंय." मग प्लेटवरची बटणं दाबली, कान लावला, आणि माझ्याकडे वळले.

"मी असली टाकी कधी उघडली न्हाय, आदीच सांगतो. आत जायचं असंल तर भिंत फोडाय लागंल. कुठनं फोडायची ते तुमी सांगा."

आईने माझ्याकडे बघितलं. "तूच सांग बाबा. मला त्यातलं काय कळतंय."

मी अप्पांना फोन लावला. तीनदा लावला. फरशी कापायचा कटर चालू असला की त्यांना फोन ऐकू येत नाही, हे मला माहीत आहे. मामा छन्नी-हातोडा मांडीवर ठेवून बसले होते. त्यांना पुढे दुसरीकडे जायचं होतं. अक्का दुसऱ्या दिवशी येणार होती. मला वाटलं, आज झालं नाही तर ती येऊन बादली उचलेल, कारण ती कोणाला सांगणारी नाही, स्वतःच उचलेल.

मी नाणं आणलं. अप्पांसारखंच भिंतीवर वाजवत गेलो. सगळीकडे ठक्क ठक्क भरीव वाजत होतं. प्लेटच्या उजवीकडे दुसऱ्या निळ्या फरशीवर आलो आणि आवाज बदलला. एकदम पोकळ. मी पुन्हा वाजवलं. पोकळच.

"इथे," मी म्हणालो.

"नक्की? फोडल्यावर मागं फिरता येत न्हाय बघा."

"नक्की."

ते नक्की कसं म्हणालो मला माहीत नाही. मला काहीच नक्की नव्हतं. पण दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते आणि कोणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं.

पहिल्या घावात कोपरा उडाला, दुसऱ्यात फरशी मधोमध दुभंगली. मामांनी तुकडे हळूच काढून खाली ठेवले. मागे सिमेंट, सिमेंटमध्ये जाळी, जाळीमागे पांढरा थर्माकोल. मामांनी थर्माकोल थोडा खरवडला. आत प्लास्टिकची सरळसोट भिंत. ना झाकण, ना खिडकी.

"हितं तर समदं बंद हाय," मामा म्हणाले. "टाकीच फोडायची का आता?"

"नको," आई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "तेवढं नका. ह्यांना येऊ द्या."

मामा दुपारून येतो म्हणून गेले. मी अप्पांना पुन्हा फोन केला नाही. काय सांगायचं ते मला जुळवता येईना. निळ्या फरशीचे तुकडे एकमेकांना लावून बघितले. कडेचा एक तुकडा पार भुगा झाला होता.

अप्पा चारच्या सुमाराला आले, त्यांच्या मागोमाग मामाही आले. अप्पांनी चप्पल काढली, आत गेले आणि उंबऱ्यावरच थांबले. बराच वेळ भिंतीतल्या त्या भोकाकडे बघत राहिले. मग खाली बसले.

"फोडायला कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, "मी."

"हितंच का?"

"पोकळ वाजलं."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना राग आला होता का हसू, मला अजून ठरवता येत नाही. "टाकीवर पोकळच वाजणार की. आत टाकी हाय, दगड न्हाय."

मामा मान खाली घालून मिशीत हसले. मला हसता येईना.

"त्या पुस्तकात काय हाय मग?" अप्पांनी विचारलं.

"प्लेट वर सरकवायची, असं चित्र आहे. पण सरकत नव्हती. मी लई जोर लावला. म्हणून मला वाटलं, ते आपल्या टाकीचं पुस्तक नाही."

अप्पा उठले. प्लेटजवळ गेले आणि तिच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. वरून खाली, मग खालून आडवं. त्यांनीच भरलेला सांधा होता तो. नख कुठेही अडकलं नाही.

"सरकंल कशी," ते हळूच म्हणाले. "मीच मिटवलीय ती."

मग आईच म्हणाली, "म्हंजी ती निघती व्हय? इतकी वर्सं बाथरूम करताय, तुमाला ठावं न्हवतं?"

"मला कसं ठावं असणार? फरशी झाली की मी फुडच्या साइटवर. प्लेट लावाय प्लंबर मागनं येतो. लावलेली प्लेट मी कवा बघतो?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आन तू चित्र बघितलंस तर मला का न्हाय दाखवलंस?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"आन मला वाटलं तू वाचलंयस."

अप्पांनी पिशवीतून हॅकसॉचं पातळ पातं काढलं आणि प्लेटच्या कडेने सांधा कापायला सुरुवात केली. फार हळू कापत होते. पांढरी पूड त्यांच्या मनगटावर पडत होती. मला पुढचं चित्र वाचून दाखवायला सांगितलं. मी दारात उभा राहून वाचू लागलो. एक शब्द आला, तो मला येत नव्हता. आधी मी तो गिळून पुढे जाणार होतो. मग म्हणालो, "अप्पा, हा शब्द मला येत नाही."

"मग ते सोड. फुडचं सांग."

शेवटची बाजू कापून झाल्यावर त्यांनी प्लेट वर ढकलली. टक् असा आवाज झाला आणि प्लेट त्यांच्या हातात आली. आत एक पांढरं झाकण होतं, तेही निघालं. त्याच्यामागे चित्रातल्यासारखीच चौकोनी खिडकी. मामांनी मोबाइलचा उजेड आत टाकला आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"हात् तिच्या. आत सादीच टाकी हाय की. त्यो बगा फुगा, ही मदली नळी. आता सांगतो मी."

खिडकी लहान होती. अप्पांचा पंजा आत जाईना, मामांचाही अडकला. माझा गेला. मामा सांगत होते आणि मी चाचपडत होतो. आत पाणी बंद करायचा आणखी एक छोटा कॉक होता, तो फिरवला. मग मधली नळी डावीकडे फिरवून वर ओढली. ती अर्धी बाहेर आली आणि अडली, मग तिरकी केल्यावर सुटली. तिच्या तळाला रबराची चकती होती. आमच्याकडच्या जड पाण्याने तिच्यावर पांढरट थर धरला होता, आणि एका जागी रबरात तांदळाएवढा खडा रुतला होता.

अप्पांनी तो नखाने काढला, बोटांत चुरडून बघितला. "व्हाइट सिमेंट," ते म्हणाले. "सांदं भरताना आत पडलंय. माजंच हाय."

खडा एवढासा. चकती धुतली, पुसली, नळी परत बसवली. बसवताना ती नीट बसली की नाही हे मला समजेना. तीनदा काढली, तीनदा घातली. मामा म्हणाले, "टक् झालं का?" मी म्हणालो, "झालं बहुतेक." "बहुतेक न्हाय, झालं का?" चौथ्यांदा खरंच टक् झालं. दोन्ही कॉक उघडले. टाकी भरायचा आवाज आला, वाढला, आणि मग बंद झाला. आम्ही चौघांनी वाकून बघितलं. कमोडमधलं पाणी हलत नव्हतं.

टाकीचं काम झालं. भिंतीचं राहिलं.

मामा गेल्यावर अप्पांनी भोकाच्या कडा छन्नीने चौकोनी करून घेतल्या, जाळीवर माल दाबला आणि मला म्हणाले, "मागनं फरशी घेऊन ये एक."

"कुठली?"

"निळी तर न्हाय. जी आणशील ती."

मी घरामागे गेलो. ढिगात हिरवी होती, लालसर होती, पांढऱ्याही होत्या. पांढरी लावली तर मधल्या ओळीशी जुळेल असं वाटलं, मग वाटलं, निळ्यांच्या मध्ये ती पडलेल्या दातासारखी दिसेल. शेवटी तीन वेगवेगळ्या फरशा उचलून आणल्या आणि म्हणालो, "तुम्हीच सांगा."

अप्पा मालाचा हात तसाच धरून बसले होते. "फोडायची कुठली ते तूच सांगितलंस की. आता लावायची बी तूच सांग."

हे ते टोमणा म्हणून बोलले की खरंच विचारत होते, मला कळलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, तिथेही काही सापडलं नाही. मग मी पिवळट फरशी पुढे केली. का, ते विचारू नका. तिच्यावर बारीक वेल होती, रंग वेगळा असला तरी वेल होती. अप्पांनी ती उलटून बघितली, मापाने कापली, लावली, आणि थापीच्या मुठीने चारी कोपऱ्यांवर ठोकली. प्लेटभोवती या वेळी त्यांनी काही भरलं नाही. फट तशीच सोडली.

दुसऱ्या दिवशी अक्का आली. चहा झाला, आईने तिला नवा संडास दाखवायला नेलं. मी बाहेर उभा होतो. आतून पाणी सुटल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. थोड्या वेळाने अक्काने हाक मारली.

"आरं, सात निळ्या आन ही एकच पिवळी का?"

आई म्हणाली, "ह्याला इचार."

अप्पा ओट्याजवळ दुसरा चहा पीत होते. त्यांनी वर बघितलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबलो. सुरुवात माझ्या नाण्यापासून करायची, की पुस्तिकेपासून, की अप्पांनी बोट फिरवून प्लेट मिटवली आणि मला ते छान वाटलं त्या दिवसापासून, हे मला ठरवता येईना. कुठूनही सुरुवात केली तरी दोघांपैकी एकाची चूक आधी येत होती.

"माझ्याकडून फुटली," मी म्हणालो.

"निम्मी," अप्पा म्हणाले, आणि कप खाली ठेवून त्यांनी बाहेर आलेल्या अक्काला बसायला खुर्ची सरकवली.